सावेलीचा दिवा

“भावजी, तो दिवा आधी बाहेर काढा,” उस्तीन्या ओरडली. “नाहीतर हे गिरमिट बर्फात नाही, तुमच्या टाळक्यात फिरवीन!”

तिच्या नवऱ्याच्या दोस्तानं, सावेलीनं, ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बर्फाला पाडलेल्या भोकातून त्यानं बरणीत बंद केलेला दिवा पाण्यात सोडला होता. भोवतालचा बर्फ आतून हिरवट उजळला होता. शेजारच्या भोकात दोरी सोडून तो पेटीवर बसला होता.

“बारीक मासळी किती जमलीये बघा तरी, वहिनी. नुसती जत्रा भरलीये दिव्यापाशी.”

“ती घाला तुमच्या मांजरीला. मला नालिम हवाय. तो अंधारातला मासा, उजेड दिसला की तोंड फिरवतो. तळ्याकाठचं शेंबडं पोरही सांगेल!”

तिनं घसरगाडी ओढली आणि त्याचा उजेड जिथं संपत होता तिथं, काळोखाच्या तोंडाशी, नवं भोक पाडलं. बारीक मासा गळाला लावून दोरी सोडली. थोड्या वेळात दोरीला हिसका बसला. मग पुन्हा बसला. दोन जाडजूड नालिम बर्फावर तडफडू लागले.

“बघा!” ती तिथूनच गरजली. “तुमच्या दिव्यापासून लांब गेल्याचा गुण!”

“खरंय बाई,” सावेली म्हणाला.

सावेली त्या दिवशी पहिल्यांदाच आला होता. त्याआधी ती रोज एकटी यायची आणि रोज हात हलवत परतायची. पेइप्सी तळ्यावर हिवाळ्यात दुपार सरते न सरते तोच अंधार पडतो, आणि त्या अंधारात तिला रडू फुटायचं. येफिम, तिचा नवरा, जाऊन वर्षही झालं नव्हतं. तिकडे ताल्लिन शहरात मुलगी तैसिया हट्टाला पेटली होती, की आईनं घराला कुलूप लावून तिच्याकडे यावं.

“पाचव्या मजल्यावर येऊन मी काय करू? खिडकीत कांदे लावू?” उस्तीन्या म्हणाली होती. शेवटी मायलेकींचं ठरलं. ईस्टरआधीचा मोठा उपास सुरू व्हायच्या आधी येफिमचं पिंप खारवलेल्या माशांनी भरलं, तर हा विषय कायमचा बंद. नाही भरलं, तर आई मुकाट्यानं गाडीत बसणार.

मदत घ्यायला ती तयार नव्हती. नवऱ्यामागं शेजाऱ्यांनी सरपण आणून टाकलं, तर तिनं ते ज्याच्या त्याच्या दारात परत नेऊन टाकलं. “मी भिकेला लागले नाहीये,” असं वर ऐकवलंही.

ते दोन नालिम मिळाले त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम लांबची जागा धरली. संध्याकाळी सावेली दिवा घेऊन तिथंही हजर.

“माझ्या जागेवर डोळा आहे होय तुमचा?”

“तुमच्या हाताला गुण आहे, वहिनी. म्हटलं, चार शिंतोडे माझ्यावरही उडतील.”

कसले शिंतोडे! तिचं पिंप भरत चाललं होतं आणि हा पठ्ठ्या कोरडाच. दोरी ओढून ओढून तिचे हातमोजे भिजून लाकडासारखे व्हायचे. याचे आपले मऊ, कोरडे. गावात थट्टा जुनीच होती, की सावेलीनं जन्मात मासा धरला नाही. तरी येफिम त्याच्याशिवाय तळ्यावर पाऊल ठेवायचा नाही, आणि घरी येताना धरलेल्यातले निम्मे त्याला द्यायचा. उस्तीन्याला वाटायचं, नवऱ्याचं मन मोठं, दुसरं काय!

तीही मग रोज निघताना एक नालिम त्याच्या पुढ्यात टाकू लागली. “घ्या, रस्सा करा. काळीज वेगळं परता, करपवू नका.” तो मान खाली घालून घ्यायचा. तिला त्याची दया यायची. आणि खरं सांगायचं तर तो दिवा दिसला नाही की तिला करमायचं नाही.

एकदा तिला वाटलंही, याच्या गळाला चांगला मासा लावून द्यावा. पण दुसऱ्याच्या दोरीला हात लावायचा नाही, नशीब बाटतं, अशी त्या काठची रीत. तिनं हात आवरला.

उपासाआधीच्या रविवारी तैसिया आली. पिंपाचं झाकण उघडून बघतच राहिली. आईच्या हातचे घावन तिनं लोणी लावून पोटभर खाल्ले, डोळे पुसले आणि म्हणाली, “राहा बाई, जिंकलीस तू.”

संध्याकाळी उस्तीन्या धापा टाकत बर्फावर आली. सावेली दिवा सोडून बसला होताच.

“भावजी! मी कुठं जात नाही!”

सावेलीनं पटकन तोंड फिरवलं. “दिव्याचा धूर गेला डोळ्यांत.”

“दिवा पाण्यात आहे, धूर कुठला आलाय?” ती हसत सुटली.

तेवढ्यात काठावरून भोंगा वाजला. तैसियाची गाडी बर्फात रुतली होती. सावेली धडपडत उठला आणि दोरी तशीच सोडून ढकलायला पळाला.

उस्तीन्या त्याच्या पेटीवर बसली. खाली हिरव्या उजेडात बारीक मासळी गरगरत होती आणि उजेडाच्या कडेला, काळोखात, तिच्यावर टपलेल्या जाड सावल्या फिरत होत्या. गेली ती रीत खड्ड्यात, तिनं मनाशी म्हटलं, या बिचाऱ्याचं नशीब आणखी काय बाटणार? आज याच्याही हाताला एक मासा लागू दे. आपल्याजवळचं सगळ्यात चांगलं आमिष तिनं काढलं आणि त्याची दोरी ओढायला घेतली.

टोकाला शिशाचा गोळा आला. त्यावर जुनी, काळी पडलेली गाठ होती आणि गाठीवर लाल लोकर गुंडाळलेली होती. ती लोकर उस्तीन्याच्या लग्नातल्या शालीची होती. येफिम आपल्या हातच्या प्रत्येक गाठीवर तीच गुंडाळायचा.

गाठीपुढं दोरी संपली होती. गळ नव्हता.