आवाज कमी करा

"बाबा, आवाज कमी करा!"

चपला न काढताच ती त्यांच्या खोलीत शिरली. ॲम्प्लिफायरचं मोठं बटण तिनं रागानं डावीकडे पिरगाळलं आणि कपाळ दाबत उभी राहिली. दिवसभर कानाला हेडफोन लावून ती परक्यांच्या तक्रारी ऐकायची. कुणाचं पार्सल हरवलेलं, कुणाचं बिल चुकलेलं, आणि राग सगळ्यांचा हिच्यावर. घरी येताना फक्त शांतता हवी असायची. इथे जिन्यातच गाणं अंगावर यायचं. शेजारच्या काकूंनी तर आता भांडायला येणंही सोडून दिलं होतं.

बाबा खुर्चीत बसले होते. तिला पाहून नेहमीसारखे हसले. त्या हसण्यानं तिचं डोकं आणखीच फिरलं.

ॲम्प्लिफायर तिच्या जन्माआधीचा. धोंड्यासारखा जड, बाबांनी ऐन तरुणपणी हौसेनं घेतलेला. घरातलं बाकी सगळं एकेक करून मोडीत निघालं. फ्रिज गेला, मिक्सर जळला, आई गेली. तिचा स्वतःचा संसार मोडला आणि ती बॅग घेऊन परत इथे आली. हा पठ्ठ्या मात्र ठणठणीत. त्यानं एकदाची मान टाकावी म्हणून ती वाट बघून थकली होती.

"मी हा विकून टाकतेय," जाता जाता ती म्हणाली.

बाबांनी मान डोलावली. इतक्या सहज? तिला जरा खटकलं. पण विचारत बसायचं त्राण कुणात होतं? त्यांच्यापुढे ताट ठेवून ती आपल्या खोलीत जाऊन पडली.

सुट्टीच्या दिवशी गिऱ्हाईक आलं. जुन्या यंत्रांचा वेडा माणूस. त्यानं रेकॉर्ड लावली, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत.

"काय भरदार आवाज आहे हो, ताई! गाणारा समोर येऊन बसलाय जणू. हल्लीची यंत्रं नुसती दिसायला देखणी, चार दिवसांत राम म्हणतात. आणि हे बघा, अजून एकदाही उघडलेलं दिसत नाही. का विकताय?"

"कंटाळा आला," ती म्हणाली. ते खरंच होतं.

"आता याची घरघर ऐकू या." त्यानं बटण हळूहळू फिरवत पार शून्यावर आणलं. गाणं विरून गेलं. स्पीकरला कान लावून तो पुटपुटला, "काही म्हणजे काही नाही. कमाल आहे!"

खोलीत कधी नव्हे ती शांतता पसरली. तिनं सुस्कारा सोडला. किती दिवसांनी!

मग तिचं लक्ष खुर्चीकडे गेलं. बाबा रेकॉर्डकडे पाहत होते. तबकडी फिरत होती, आणि त्यांचं बोट खुर्चीच्या हातावर मजेत ठेका धरत होतं.

गिऱ्हाइकानंही ते पाहिलं.

"बाबा," तिनं मागून हाक मारली. बोट थांबलं नाही. "बाबा!"

ती त्यांच्यासमोर जाऊन गुडघ्यांवर बसली. त्यांचा हात तिनं हातात घेतला, तेव्हा कुठे ठेका थांबला. ते तिच्या ओठांकडे निरखून पाहू लागले.

"तुम्हाला ऐकू येत नाही?" तिनं एकेक शब्द सुटा करत विचारलं.

ते चोरी पकडल्यासारखे ओशाळले. "कमी होत गेलं हळूहळू. तू आधीच दमून येतेस. त्यात आणखी माझं कुठे सांगायचं?"

"मग रोज एवढ्या मोठ्यानं लावता कशाला?"

बाबांनी एकदा ॲम्प्लिफायरकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"हे लावलं, की तू आत येतेस."