सिंहाचं घर

"हा बघा मुलगा. तंजावरपर्यंत पायपीट केलीत तरी असा जावई मिळायचा नाही!" असं म्हणत ज्योतिषी सबापती जोसियरांनी प्रिंटरमधून आलेला कागद ऐटीत पुढे केला. कागदावर लाल साडीतली, केसांत गजरा माळलेली एक मुलगी हसत होती.

सून वळर्मतीने तो कागद वाटेतच हिसकावून घेतला. "मामा, हळद लावायची राहिली की!"

कोपऱ्यांना हळद लावल्याशिवाय पत्रिका कुणाच्या हातात जात नाही. त्यामुळे समोर बसलेल्या कमलवल्लीला त्यात काही वावगं वाटलं नाही. भलतीच पत्रिका हाती पडली असती तर मात्र अपशकून म्हणून ती तशीच उठून गेली असती. तिच्या मुलीला एकोणतिसावं सरत आलेलं, तीन स्थळं बोलणी होऊन फिसकटलेली. त्यात आज शुक्रवार. साडेदहाला राहुकाळ लागणार आणि घड्याळात सव्वादहा झालेले.

वळर्मतीने कॉम्प्युटरमध्ये डोकावून पाहिलं. "मामा, तुम्ही वृश्चिक उघडलाय," ती हळूच म्हणाली. "मुलगा सिंहेचा आहे."

"मी सिंहच उघडला!"

"त्या जागेवर आता वृश्चिक आहे."

"सिंहाच्या घरात वृश्चिक? कुणी नेऊन बसवला?"

बसवला होता कालच्या अपडेटने. स्थळांचे बारा फोल्डर, राशीला एक. गेली तीन वर्षं ते पडद्यावर चौकोनी कुंडलीसारखे मांडलेले होते. डाव्या कोपऱ्यात मीन, शेजारी मेष, असे कडेकडेने बारा जण, आणि मधलं अंगण रिकामं. जोसियरांनीच तसे मांडून घेतले होते. वळर्मतीने ज्योतिषाची हौस म्हणून मुकाट्याने मांडले होते. काल रात्रीतून कॉम्प्युटरने ती कुंडली मोडली आणि बाराही जणांना तमिळ अक्षरांच्या क्रमाने, शाळेतल्या पोरांसारखं चार-चारच्या रांगेत उभं केलं. बिचारा मेष पहिल्या नंबरावरून दहाव्यावर गेला. उचलून कुठे ठेवावा तर पुन्हा रांगेत येऊन उभा.

वळर्मतीने सिंह शोधला, मुलाची पत्रिका छापली, हळद लावली आणि मोठ्याने वाचून दाखवली. वाचायचं काम नेहमी तिचंच. जोसियर डोळे मिटून ऐकायचे आणि बोटांवर गणित करायचे. तमिळ पद्धतीच्या दहा गुणांपैकी आठ जुळले. राहुकाळ लागायच्या आत कमलवल्ली पत्रिका पदरात घेऊन, हसत पायऱ्या उतरली.

मग मात्र जोसियरांचा पारा चढला.

"मामा, खाली नावं लिहिलीत की," वळर्मती म्हणाली. "नाव वाचायचं आणि दाबायचं. सोपं तर आहे!"

"नावं वाचायला मी काय पहिलीत बसलोय? सिंहाचं घर मला ठाऊक आहे. पाहुणा आल्यासारखं नाव विचारत त्याच्या दारात उभा राहू होय?" त्यांनी माउस ढकलून दिला. "उद्या बाहेरची पाटी उतरव. एकतीस वर्षं लग्नं जुळवली, पुरे झालं!"

वळर्मती चपापली. अंगात ताप असताना मांडीवर पंचांग घेऊन बसणारा हा माणूस, फोल्डर हलले म्हणून पाटी उतरवायला निघाला? सासऱ्यांच्या तऱ्हा तिला नव्या नव्हत्या. माउस हातात आला की आधी तो सरळ उजव्या वरच्या कोपऱ्यात नेऊन भिडवायचा, मग बोटं मोजल्यासारखा खाली आणायचा. कॉफीचा पेला रोजच्या जागेवरून वीतभर सरकला तरी घर डोक्यावर घ्यायचं. नवऱ्याला ती या सगळ्याची नक्कल करून दाखवायची आणि दोघं पोट धरून हसायची. पण आज तिला हसू येईना. पाटी उतरली तर हा माणूस दिवसभर करणार काय?

ती खटपट करत बसली. खिडकी उघडली की आत रांगच, तिथे कुणाचं काही चालेना. मग तिच्या लक्षात आलं की कॉम्प्युटर सुरू केल्यावर जो मोकळा पडदा दिसतो, त्यावर ठेवलेली वस्तू ठेवल्या जागी राहते. तिने एकेक फोल्डर तिथे आणला. जुन्या जागा तिला पाठ होत्या. मीन कोपऱ्यात, मेष शेजारी, उजवीकडे वरून तिसरा सिंह. मधलं अंगण रिकामं.

"मामा, या! सगळे आपापल्या घरी गेले."

जोसियर आतून येईपर्यंत तिला शुक्रवारचं पूजेचं काम आठवलं. तिने पडद्याचं बटण बंद केलं, ओल्या फडक्याने काच पुसली आणि मधोमध चंदनाचा टिळा लावला. त्यावर कुंकू टेकवणार, तोच जोसियर खुर्चीत येऊन बसलेही.

"अहो मामा, जरा थांबा..."

थांबतात कुठले! त्यांनी माउस वरच्या कोपऱ्यात नेऊन भिडवला, तीन बोटं खाली आणला आणि दोनदा टिचकी मारली. त्यांच्या कपाळावरची आठी गेली.

"हं, आता कसं लख्ख दिसतंय! बसला बघ सिंह आपल्या घरात. पाटी राहू दे गं."

वळर्मती अजून बंदच असलेल्या काळ्या पडद्याकडे बघत राहिली. त्यावरचं चंदन अजून ओलं होतं.

"हो मामा, अगदी लख्ख," ती म्हणाली, आणि बटण दाबायला पुढे केलेलं बोट तिने आवाज न करता मागे घेतलं.