चार बोटं वर

चार बोटं दुमडून टाचण्या लावून झाल्या, तरी वैभवीचं एकच चाललं होतं, अजून वर.

वैजयंतीच्या तोंडात सहा टाचण्या होत्या म्हणून ती गप्प राहिली. नाहीतर पोरीला बोलायला पुष्कळ होतं. बारा वाजता मालेगावच्या हॉलमध्ये साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, घड्याळात साडेआठ, आणि होणाऱ्या व्याह्यांनी आसेगावहून धाडलेला हा मोरपंखी गाऊन चांगला वीतभर लांब. किन्हीराजात असलं काम करणारा एकच शिंपी, भिवाजी, आणि तो नेमका लेकीच्या गावी गेलेला. वेळेला माणूस सापडेल तर शपथ!

मोबाइलवरच्या व्हिडिओतली बाई म्हणत होती, पाच मिनिटांत काम होतं. दोन्हीकडून चिकटणारी पट्टी दुमडीत घाला आणि वरून इस्त्री फिरवा. वैजयंतीनं पट्टी घातली, इस्त्री तापत आली आणि लाइट गेली. त्या बाईच्या गावात लाइट जात नसावी. आता राहिली ती सुईदोऱ्याची तुरपाई.

"उंच टाचेची सँडल घाल ना माय," टाचण्या काढून वैजयंती म्हणाली. "मिटलं सारं."

"टाचेची नाई घालत मी. तुले माहीत हाय."

माहीत होतं. वैजयंतीनं पुन्हा मान खाली घातली. खिडकीचा गज धरून वैभवी उभीच होती. बाहेर तिचा बाप जगदेव गाडी पुसत होता. तीन वर्षांपासून ताडपत्रीखाली पडलेल्या मळणीच्या थ्रेशरला त्यानं नेहमीसारखाच लांबून वळसा घातला. आत गाऊन घोट्यापर्यंत आला. अजून वर. मग पोटरीपर्यंत आला. अजून वर.

गाऊनच्या खोक्यात होणाऱ्या सासूनं, गोमतीबाईंनी, कातडीच्या रंगाचे लांब मोजेही धाडले होते. वैभवीनं ते उलगडून पाहिले आणि तुळसाआत्याकडं फेकले. आत्या म्हणजे जगदेवची थोरली बहीण. दारात बसून ती आपली पायातली चांदीची तोरडी घासत होती. जोडीतली दुसरी तोरडी कधीच हरवलेली, ही एवढी तिनं जिवापाड जपली होती. वैभवीनं तीच मागितली.

"एका तोरडीचं काय करशीन वं?" आत्यानं विचारलं.

"मले एकच पायजे, आत्या."

आत्यानं मोजा हातात चढवला आणि त्यानंच तोरडी घासायला घेतली. चांदी भलतीच उजळली. घासता घासता तिची कुरकुर चालूच होती. आमच्या काळी पोरीचा घोटा दिसला तरी गावभर होत होतं, गुडघ्याची तर गोष्टच नको. पण तोरडी घालायची तर ती दिसली पाहिजे, हेही तिचंच म्हणणं. मग स्वतः खाली बसून तिनं ती पोरीला घातली. सैल होते म्हणून वरून लाल दोरा गुंडाळला आणि उठताना डोळे पुसले.

तेवढ्यात गोमतीबाईंचा फोन आला. गाऊन बसला का, हे विचारून झालं आणि आवाज एकदम गोड झाला. आमच्याकडचे तीनशे लोक येऊन राह्यले, व्हिडिओवाला सांगितला, तेव्हा गाऊन जमिनीला टेकलेलाच ठेवजा. आमच्या पवनचं काय, तो वैभवी म्हणेल त्याला हो म्हणते. पण त्याले भाऊबंदात राहाचं हाय का नाई? पोरीनं त्याचा हात धरून हळूच चालावं, फोटोतही बरं दिसते.

वैजयंती हो हो म्हणत होती. लोकांना हो म्हणायची तिला सवयच लागली होती. याआधीच्या दोन्ही स्थळांच्या वेळी तिनंच पोरीला जमिनीवर लोळेल अशी साडी नेसवली होती. दोन्हीकडून नकारच आले. हेही मोडलं तर?

वैभवीनं फोनमधलं सगळं ऐकलं होतं. तिनं आवाज चढवला नाही.

"कोनाचा हात धरून नाई जात मी, आई. जशी हावो तशीच जाईन. त्याईले पटलं तं बसतो पाटावर. नाई पटलं तं तिथंच मोडू दे."

वैजयंतीला भीती वाटत होतीच, पण आता भीतीपेक्षा राग मोठा झाला. आपला स्वतःचाच राग. गुडघ्यापर्यंत दुमडून भागणार नव्हतं, तेवढी दुमड फुगली असती. कापायलाच हवं होतं. फोन कानाशी तसाच दाबून तिनं कात्री उचलली आणि मोरपंखी सॅटिनमध्ये घातली.

"कायचा आवाज होऊन राह्यला?" गोमतीबाईंनी विचारलं.

"कात्रीचा. गाऊन तुमचा होता, बाई. पोरगी माही हाय."

आणि तिनं फोन ठेवला.

सव्वाबाराला वैभवी हॉलच्या मधल्या वाटेनं निघाली. दोन्हीकडं खुर्च्यांची आणि लेकराबाळांची एवढी दाटी की खालचं कोणाला काही दिसत नव्हतं. मागून चालणाऱ्या वैजयंतीला मात्र तुरपाई एका बाजूला ओढल्यासारखी वाटत होती, आणि तिचा जीव तिथंच अडकला होता. पवन हात द्यायला स्टेजवरून उतरू लागला. वैभवीनं मानेनंच नको म्हटलं, तसा तो हसून जागेवर थांबला. पहिल्या रांगेत गोमतीबाईंनी पदर तोंडाशी नेला.

स्टेजला पाच पायऱ्या होत्या. वैभवीनं आधी उजवा पाय वर ठेवला. मग डावा उचलला, आणि आत्याची तोरडी अशी खणकन वाजली की बोलणारे सगळे गप्प झाले. तीनशे माणसांनी खाली पाहिलं. वैजयंतीनं मान वर ठेवली. डाव्या गुडघ्याखालच्या उघड्या पोलादी नळीवर, लाल दोऱ्यानं बांधलेली चांदी लखलखत होती.