कोपराखाली चार बोटं

सकाळचे ऊन खिडकीतून आत आले आणि वाट चुकल्यासारखे थबकले. एरवी त्याचा रस्ता ठरलेला असे. आधी डब्यांची झाकणे, मग शेगडी, मग पाण्याच्या पिंपाचे पोट. आता त्यातले काहीच जागेवर नव्हते. कपाटे उतरवलेली होती, ओटा फोडलेला होता, फरशा उचकटलेल्या होत्या. भिंतीवर जिथे वर्षानुवर्षे भांडी टांगलेली असत, तिथे त्यांच्या आकाराचे फिकट गोल तेवढे उरले होते. ऊन त्या गोलांवरून सावकाश उतरले, सिमेंटच्या गोणीवर टेकले, हवेतल्या धुळीला सोनेरी करीत राहिले. जिथे इतक्या वर्षांत त्याला कधी पोचता आले नव्हते, त्या कोपऱ्यातही आज ते जाऊन आले. तो दारात उभा राहून हे पाहत होता. मोडलेल्या खोलीत नेहमीपेक्षा जास्तच उजाडते, याचे त्याला नवल वाटले आणि थोडे वाईटही.

"दादा, ओट्याची उंची बोला," मिस्त्री म्हणाला. काळा दगड भिंतीला टेकून उभा होता. "एकदा बसला की बसला. मग पुढची वीस वर्षं माझ्या नावानं खडे फोडायचे नाहीत."

त्याने खिशातून चिठ्ठी काढून दिली. जुना ओटा पाडण्याआधी त्याने स्वतः माप घेऊन ठेवले होते.

"एवढा उंच? घरात जिराफ पाळलाय की काय?"

"आमचे बाबा आहेत," तो म्हणाला. एरवी अनोळखी माणसाशी बोलताना त्याचा आवाज घशातच राही. हे मात्र त्याने मोठ्याने सांगितले.

आईची दवाखान्यात परिचारिकेची नोकरी, तिच्या पाळ्या कधी सकाळच्या, कधी रात्रीच्या. बाबा शिंपी, दुकान घरच्याच पुढच्या खोलीत. म्हणून स्वयंपाक पहिल्यापासून बाबांचा आणि ओटाही बाबांच्याच मापाचा. नातेवाईक त्या ओट्याला 'उंटाची पाठ' म्हणत. अठराव्या वर्षी तो बाबांच्या पाठीला पाठ लावून उभा राहिला होता आणि आईने डोक्यांवर पट्टी ठेवून निकाल दिला होता : बरोबरी. त्यानंतर त्याला पुन्हा कधी मोजून पाहावेसे वाटले नाही. बरोबरी झाली असली, तरी बाबांशी बोलताना त्याची मान आपोआप थोडी वर होई.

गेले बारा दिवस बाबा कापड बेतायच्या टेबलावर स्वयंपाक करीत होते. कात्री आणि सुरी शेजारी शेजारी नांदत होत्या. "आज भाजीला काज करू की नुसतं बटण लावू?" असे ते रोज विचारीत आणि स्वतःच हसत.

मिस्त्रीने चिठ्ठी परत केली. "कागदाला कंबर नसते, दादा. जो रोज उभा राहतो त्याला इथं आणा. कोपराखाली चार बोटं, तिथं ओटा. माझ्या वस्तादाचा नियम आहे."

बाबा आले. गळ्यात टेप तशीच होती.

"माझं माप कशाला?" ते म्हणाले. "याचं घ्या, मिस्त्री. पुढं यालाच उभं राहायचंय."

"पण रोज तर तुम्हीच असता, बाबा."

"माझं भागतं रे. मी पाटावर उभा राहतो."

"पाटावर?"

"दोन वर्षं झाली. तुझ्या आईनंच आणून दिला."

शेगडीपुढे पडलेला तो पाट त्याने रोज पाहिला होता. चार वेळा त्याला ठेचकाळला होता. "हा इथं कोण ठेवतं?" असे करवादून त्याने तो पायानेच ओट्याखाली सारला होता. पुढच्या वेळी पाट पुन्हा तिथेच असे.

तो पुढे झाला. बाबांच्या गळ्यातली टेप त्याने हलकेच काढून घेतली. अख्ख्या गल्लीची मापे या माणसाने घेतली होती. याचे माप कोणी घेतल्याचे त्याला आठवेना.

"भिंतीला टेकून उभे राहा. हात कोपरात दुमडा."

बाबा उभे राहिले. त्यांनी छाती पुढे काढली, खांदे मागे ओढले. कोपर वर सरकले, मग आणखी वर. गिऱ्हाईक माप देताना खोटे बोलते, पोट आत ओढते आणि नंतर शिव्या शिंप्याला बसतात, हे बाबांचेच म्हणणे. त्याने खाली पाहिले.

"बाबा, टाचा टेकवा."

बाबांनी त्याच्याकडे पाहिले. डबा उघडताना पकडल्या गेलेल्या पोरासारखे ते ओशाळून हसले. मग टाचा हळूहळू फुटक्या फरशीवर आल्या. मिस्त्री पाठ फिरवून पेन्सिल शोधू लागला. पेन्सिल त्याच्या कानावरच होती.

भिंतीवर जुन्या ओट्याची कड अजून दिसत होती. नवी रेघ तिच्याखाली तीन बोटे आली.

"घ्या की जरा वर," बाबा पुटपुटले. "याची पाठ धरेल उद्या."

"बरोबर बोलतात काका," मिस्त्री म्हणाला. "दादा, तुम्हाला वाकावं लागेल."

"वाकेन," तो म्हणाला.

"मग रेघ पक्की?"

त्याने बाबांकडे पाहिले. आज मान वर करावी लागली नाही.

"पक्की."

बाबा म्हातारे झाले होते.