पाच हजार आठशे चव्वेचाळीस

फिटरने गाडीच्या डॅशबोर्डमधल्या म्युझिक सेटच्या दोन्ही बाजूंना पातळ पट्ट्या खुपसल्या, तेवढ्यात काका म्हणाले, "थांब पोरी. आधी वही बघ."

वही दोनशे पानी होती, जाड पुठ्ठ्याची. आत चार आकडी नंबर, चार शून्यांपासून सुरू होऊन ओळीने. प्रत्येकापुढे लाल फुली.

"बॅटरी बदलली आणि ह्याने कोड मागितला," काकांनी सेटवर टिचकी मारली. "शोरूमवाले म्हणाले, कागद आणा. कागद आधीच्या मालकाकडे, आणि आधीचा मालक वर. हा दिवसाला दोनच नंबर टाकू देतो, मग उद्यापर्यंत तोंड मिटून बसतो. आज सकाळी अठ्ठावन्नशे त्रेचाळीस झाला. आठ वर्षं. एका दिवसाचा खाडा नाही."

"आठ वर्षं गाडीत एकच आवाज," मागच्या सीटवरून काकू म्हणाल्या. "ह्यांचा."

गाडी एकेकाळी बड्या लोकांनी मिरवायची. चामड्याच्या सीटा, खऱ्या लाकडाची पट्टी, बारा स्पीकर. बाराही मौनात. लेकीने आईसाठी पाठवलेला नवा सेट काकांनी पाच महिने कपाटात ठेवला होता. आज तो खोका मांडीवर घेऊन काकू गाडीत बसल्या आणि म्हणाल्या, हा सेट बसेपर्यंत उतरणार नाही. जेवायलाही.

"आणि हे बघ," काकांनी मधलं पान उघडलं. "ह्या आठ निळ्या फुल्या हिच्या. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, चार दिवस आडवा होतो. पण हिने खाडा पडू दिला नाही. रोज पार्किंगमध्ये जाऊन दोन नंबर."

काकू खिडकीबाहेर बघू लागल्या. बाहेर भिंत होती. त्या चार दिवसांत त्या गाडीकडे एकदाही फिरकल्या नव्हत्या. आठही फुल्या त्यांनी हॉस्पिटलच्या बाकावर बसून मारल्या होत्या, एका दमात, चहा गार व्हायच्या आत.

कट्ट आवाज झाला आणि सेट बाहेर आला. फिटरने मागच्या वायरी सोडवल्या, पत्र्यावरची धूळ फुंकली. "अहो काका, तुमचा कोड इथेच आहे की! वर स्टिकर..."

"सांगू नकोस!"

काका इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या गाडीखाली झोपलेल्या मेकॅनिकने डोकं आपटून घेतलं. स्टिकर आठ वर्षं काकांच्या बोटापासून वीतभर आत होता.

"एवढंच सांग," काकांचा आवाज खाली आला. "पुढे आहे की मागे?"

"म्हणजे?"

"मागे असेल तर माझ्या हातून निसटला. म्हणजे इतकी वर्षं मी वेड्यासारखा..." त्यांनी वही मिटली, परत उघडली. "पुढे असेल तर मी बरोबर चाललो होतो. मग बसव तुझा नवा."

फिटरने स्टिकर वाचला. १९०७. वही चाळली. १९०७ समोर निळी फुली होती. तिने आरशात बघितलं. आरशातल्या काकूंनी फक्त हात जोडायचे बाकी ठेवले होते.

"पुढे आहे, काका," फिटर म्हणाली. "चांगलाच पुढे."

काका उतरले. गाडीभोवती त्यांनी एक फेरी मारली. शेजारच्या मेकॅनिकला, त्याने विचारलं नसताना, "पुढे होता," असं सांगितलं आणि परत येऊन बसले.

"ऐकलंस का गं?"

"ऐकलं," काकू म्हणाल्या. जुना सेट त्यांनी मांडीवर घेतला, स्टिकरची बाजू खाली करून. नखं त्यांनी गेल्याच आठवड्यात कापली होती, तरी स्टिकर खरवडायला कामाला आली.

जुन्या गाडीचं सॉकेट नव्या सेटला जुळेना, म्हणून फिटरने रंगाला रंग लावून एकेक वायर जोडली. फ्रेम घासून बसवली. किल्ली फिरवली. पडदा उजळला आणि त्यावर चार रिकामे चौकोन आले.

काकांनी चष्मा सारखा केला. "हाही कोड मागतो?"

"हा तुम्हीच ठरवायचा, काका. आवडेल तो टाका."

"आवडेल तो कसा?" काका म्हणाले. "ज्याची पाळी आहे त्यालाच घ्यायला पाहिजे."

त्यांनी एका बोटाने, रोजच्यासारखे सावकाश, आकडे दाबले. पाच. आठ. चार. चार.

सेटने क्षणभर विचार केला. आणि मग बाराच्या बारा स्पीकरमधून एक बाई एकदम वरच्या पट्टीत गायला लागली. मागच्या काचेजवळच्या जाळीतून आठ वर्षांची धूळ उडाली आणि काकूंच्या केसांवर बसली. काकूंनी ती झटकलीसुद्धा नाही.

"पहिल्या फटक्यात!" काका ओरडले. "अगं, पहिल्या फटक्यात लागला!"

फिटरने टाळ्या वाजवल्या. मेकॅनिक डोकं चोळत गाडीखालून बाहेर आला आणि त्यानेही वाजवल्या. कशाबद्दल, ते त्याने नंतर विचारलं.

काकांनी खिशातून लाल पेन काढलं, वही उघडली आणि दोन्ही मागे काकूंना दिली. "वहीतली पहिली बरोबरची खूण. ती तू कर. ऑपरेशनच्या वेळी तूच सांभाळलंस."

काकूंनी चष्मा लावला. पुढे वाकून पडद्यावरचे चार आकडे नीट बघितले. मग वही बघितली. मग परत पडदा.

आणि मगच खूण केली.