नाणं खोटं बोलत नाही

“एका बाईनं सांगितलं, याला पुरावा म्हणत नाहीत,” म्हणत धनंजय साहेबांनी अर्ज वेदश्रीकडे परत सरकवला. “आणि वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. दारूच नाही, तर ती सोडवायचं केंद्र कशाला?”

साहेब निधी समितीचे अध्यक्ष होते आणि कायद्यावर त्यांची नितांत श्रद्धा होती. जी गोष्ट बंद केली आहे ती नसते, असा त्यांचा सरळ हिशोब.

ती एक बाई म्हणजे हिंगणीच्या पुढच्या गावातली तानाबाई. तिनं वेदश्रीला दारातच गाठलं होतं. “मॅडम, माह्या मानसाचं पिणं सोडवाले त्याले नेऊ कुठं? नागपूरले न्याव, तं तो बुटीबोरीलेच दारूचं दुकान पाहून उतरून जाते.” तिचा माणूस, कवडू, तेव्हा उन्हात झोपला होता. बाज सावलीत होती.

समिती पुन्हा बसेपर्यंत पुरावा हाती आला तर केंद्र, नाही तर निधी दुसऱ्या जिल्ह्याला. पुण्याहून समाजकार्याची पदवी घेऊन आलेल्या वेदश्रीनं थेट बोरगाव मेघे गाठलं. तिथं तिचे जुने प्राध्यापक बंडोपंत निवृत्तीनंतर लेकीकडे राहायला आले होते. जन्मभर पुण्यात संशोधनपद्धती शिकवलेले गृहस्थ. वांगीसुद्धा डोळे मिटून उचलत, नमुना निवडताना पूर्वग्रह नको म्हणून. घरचे त्यांना बाजारात पाठवत नसत.

“सरळ विचारलंस तर सगळे नाहीच म्हणणार,” बंडोपंत म्हणाले. “नाण्याची पद्धत वापर. माणसानं नाणं उडवायचं आणि एकट्यानंच बघायचं. छापा पडला तर घरात काही का असेना, ‘हो’ म्हणायचं. नाही पडला, तर खरं सांगायचं. म्हणजे ‘हो’ माणसाचं की नाण्याचं, हे तुलाही कळत नाही. त्याची अब्रू झाकली. निम्म्या घरांचे होकार नाण्याचे, त्यावर जितके येतील त्याच्या दुप्पट पिणारी घरं.”

“वा, सर!”

“आणि दारू हा शब्द काढायचा नाही, लोक बिचकतात. बाटलीचं चित्र दाखव. वाक्य मी देतो ते. दर घरी तेच. एकही शब्द बदलायचा नाही. शब्द बदलला की माप बदललं.”

वेदश्रीनं शब्द बदलला नाही. ग्रामपंचायतीसमोर पोरं “चित का पट?” ओरडत क्रिकेटची पहिली बॅटिंग ठरवत होती. त्यांना वळसा घालून ती घरोघर गेली. बाटलीचं चित्र पुढं धरायची, हातावर नाणं ठेवायची आणि म्हणायची, “छापा पडला तर ‘हो’ म्हणा. नाही तर जे खरं ते सांगा.” मग पाठ फिरवायची.

लोकांनी फार मनापासून नाणं उडवलं. एका म्हाताऱ्यानं तर ते आधी कपाळाला लावलं. मग म्हणाला, “नाई.”

पुढच्या घरी नाई. त्याच्या पुढच्याही घरी नाई. एका घरात उंबऱ्यातच वास येत होता, तिथंही नाई. तानाबाईनं नाणं उडवलं, चित्राकडे नीट पाहिलं आणि मान हलवली. “नाई वो, मॅडम.” मागं बाजेवरून कवडू नुकताच खाली पडला होता.

परतीच्या बसमध्ये वेदश्रीला रडू यायचं तेवढं बाकी होतं. तानाबाईसुद्धा! आणि सेलूच्या थांब्यावर तिच्या डोक्यात ट्यूब पेटली.

“एकही होकार नाही ना?” समितीत धनंजय साहेब समाधानानं म्हणाले. “मी म्हणत होतोच.”

“साहेब, एक नाणं काढा. आणि उडवा.”

साहेबांनी उडवलं. मग एकेक करत सगळ्या समितीनं उडवलं. कुणाचा छापा पडला, कुणाचा काटा.

“बघा,” वेदश्री म्हणाली, “गाव अगदी कोरडं ठणठणीत असतं, तरी निम्म्या घरांतून ‘हो’ यायला हवं होतं. एवढ्या घरांत एकदाही छापा पडला नाही, हे कसं शक्य आहे? नाणं खोटं बोलत नाही, साहेब. छापा पडला, पण ‘हो’ म्हणायची कुणाची छाती झाली नाही. दारूच नाही, तर नुसत्या बाटलीच्या चित्राची एवढी भीती कशाला? त्यांना पोलिसांच्या धाडीची भीती आहे. आणि जे गाव धाडीला एवढं घाबरतं, त्या गावात दारू आहे!”

साहेबांनी हातातलं नाणं उलटसुलट करून पाहिलं. मग त्यांनीच टाळी वाजवली.

“शून्यातून पुरावा काढलात, मॅडम! मंजूर.”

मागच्या खुर्चीवर, वेदश्रीसोबत आलेल्या बंडोपंतांनी चष्मा पुसला आणि डोळेही. ‘भयाचं मोजमाप’ या निबंधाची पहिली ओळ त्यांनी रिक्षातच जुळवली.

केंद्र गावच्या समाजमंदिरात सुरू झालं. पहिल्या खुर्चीवर इस्त्रीच्या शर्टात कवडू बसला होता, या वेळी सावलीत. पेढे वाटून झाल्यावर वेदश्री चहाचा कप घेऊन तानाबाईजवळ टेकली.

“आता तरी सांगा, तानाबाई. मला आधी सगळं सांगितलं होतंत. मग नाणं हातात आल्यावर ‘नाही’ का म्हणालात? एवढी भीती कशाची वाटली?”

“भेव?” तानाबाई चहा फुंकायची थांबली. “भेव कायचं? तुमीच तं बाटली दाखवून म्हणलं, छापा पडला तं ‘हो’ म्हणा, नाई तं खरं सांगा. नाणं कायले उडवाले लावलं, ते कोनालेच नाई समजलं. पण साऱ्याईनं खरं तेच सांगतलं. आमच्या गावात छापा कवाच पडत नाई, मॅडम. हवालदारच तं पहिलं गिऱ्हाईक हाय.”