काठीवरची खाच

काठी पिंपातून बाहेर आली ती खाचेपर्यंत ओली. भावेशशेठनी ती दोन्ही हातांनी उंच धरली, नवरदेवाने कट्यार धरावी तशी.

"बघा मॅडम. बारा वर्षं झाली. एक बोट कमी नाही."

दिपिका मॅडम खास पुण्याहून आल्या होत्या. रमची पारख करणं हा त्यांचा व्यवसाय. त्यांनी काठीकडे पाहिलं, पिंपाकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "मग चोरी झाली आहे."

दाराशी उभ्या असलेल्या नवशा राखणदाराचा हात गळ्यातल्या किल्लीकडे गेला.

भावेशशेठ ठाण्याचे बिल्डर. खरी ऐपत असलेला माणूस रम विकत घेत नाही, घरी मुरवतो, असं त्यांना कुठल्याशा पार्टीत कोणी सांगितलं होतं. म्हणून सिद्धगडाच्या पायथ्याशी त्यांनी बंगला बांधला, बंगल्याखाली दगडी खोली केली आणि तिच्यात गोव्याहून आणलेलं ओकचं पिंप ठेवलं. आत तांब्याच्या हंड्यातून एकेक घाणा करून काढलेली कोरी रम. पहिल्याच दिवशी त्यांनी बांबूच्या काठीवर खाच पाडली आणि नवशाला बजावलं, "एक बोट जरी कमी झालं, तर पोलिसात देईन." तेव्हापासून दर दिवाळीला ते येत, काठी बुडवत, ओली खाच पाहत आणि खूश होऊन परत जात. नोकराला धाक लागतो, असं ते मित्रांना सांगत.

"लाकडी पिंपातली रम उडते, शेठ," मॅडम म्हणाल्या. "इथल्या उन्हाळ्यात तर वर्षाला चार बोटं. परदेशात त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. आज हे पिंप अर्ध्याच्याही खाली हवं होतं. भरलेलं आहे, म्हणजे कोणीतरी काढून घेतली आणि पाणी घातलं."

"नवशा!" शेठ ओरडले. "तुझा बाप पिऊन मेला, तेव्हाच मला समजायला हवं होतं."

"पाण्याचा थेंब नाय, शेठ," नवशा म्हणाला.

मॅडमनी पिंपातली थोडी रम पेल्यात घेतली आणि तिच्यात कस मोजायची काचेची नळी सोडली. आकडा बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. पाणी नव्हतंच. मग त्यांनी पेला नाकाशी नेला.

"अति पिकलेली केळी," त्या हळूच म्हणाल्या. "करपलेला गूळ. अक्रोड. जुन्या पुस्तकाच्या बांधणीचा डिंक. आणि मागून थोडा धूर." त्यांनी एक घोट घेतला आणि डोळे मिटले. "अशी मी दोनदाच चाखली आहे. दोन्ही वेळा जमैकात."

शेठना चार दिवसांची सर्दी होती. तरी त्यांनी पेल्यात नाक घातलं. "केळी आहेत. आहेतच!" चोरीचं ते केव्हाच विसरले होते. "बघितलंत, मॅडम? माझ्या धाकाने देवदूतसुद्धा फिरकले नाहीत."

नवशाची बायको जिवली उकडलेल्या शेंगांची परात घेऊन आत आली होती. तिने परात खाली ठेवली.

"केळ्याचा वास येनारच. मागच्या घाण्याचा आंबट गाळ नव्या घाण्यात टाकतो ना आमी."

शेठनी पेल्यातून नाक वर काढलं.

"गप गो," नवशा पुटपुटला.

"का गप? चोर म्हनतात तुमाला." ती शेठकडे वळली. "पयल्या वर्सी दिवाळीच्या आधी ह्यांनी काठी घालून बघितली. चार बोटं कमी. दोन दिवस जेवले नाय. बाप पेताड, मंग पोराचं कोन खरं मानील? तवा मी शापूरच्या बाजारातून काळा गूळ आनला. व्हळावर हंडा लावला आन पयल्या धारेची चार बोटं आत वतली. तवापासून दर वर्सी. ह्यांनी प्याली नाय, शेठ. घातली. अजून त्यांना तिची चव ठावं नाय."

मॅडम मोठ्याने हसल्या. मग त्यांनी बोटांवर हिशोब केला. "शेठ, यात तुमची रम एक तृतीयांशच उरली असेल. बाकी सगळी या बाईंची."

नवशाच्या कानात अजून मॅडमचं रम उडण्याचं बोलणं घुमत होतं. "मॅडम," त्याने विचारलं, "ती आपली आपुन उडते? सगळीकडं?"

"सगळीकडे, काका. कोणी हात न लावता."

नवशा पायरीवर बसला. दर वर्षी दसरा झाला की त्याची झोप उडायची. आणि ती आपली आपण उडत होती.

शेठ मात्र विचारात पडले होते. रविवारी दोनशे पाहुणे येणार होते. बाटल्यांवर लावायची लेबलं छापून आली होती, त्यांवर शेठचा फेटा बांधलेला फोटो होता. त्यांनी घसा साफ केला.

"मॅडम, ही गोष्ट या खोलीबाहेर जायला नको." मग नवशाकडे वळून ते म्हणाले, "झालं ते झालं. मी मन मोठं करतो. घालत होतास तशी दर वर्षी घालत राहा. पण ध्यानात ठेव, एक बोट जरी कमी झालं, तर पोलिसात देईन."

नवशा उठला. त्याने गळ्यातला दोरा डोक्यावरून काढला आणि किल्ली पिंपावर ठेवली.

"आता राखन त्या देवदूतांनाच सांगा, शेठ," तो म्हणाला. "बारा वर्सं पितात, पन त्यांना कोन चोर म्हनत नाय."